पडद्यामागे बघायचे तर माणसे बघा

गेल्या दिवाळीत भाचा फराळाला आला होता. वय चोवीस, नोकरी पुण्याला, बोलण्याचा विषय एकच : बॅटमन. त्यातही 'द डार्क नाइट'. ख्रिस्तोफर नोलान यांचा हा चित्रपट १८ जुलै २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा हा पहिली-दुसरीत असेल. पुढे त्याने तो सतरा वेळा पाहिला. चकलीचा तुकडा मोडत मोडत तो मला एकेक कोडे घालू लागला.

"सांगा बघू मामा, सुरुवातीच्या दरोड्यातला बँकेचा मॅनेजर कोण?"

"कोण बाबा?"

"विल्यम फिक्टनर! मायकेल मान यांच्या 'हीट'मध्ये होता की तो, १९९५ च्या. नोलाननी 'हीट'चं ऋण स्वतः मान्य केलंय. आणि मेजवानीत जोकरसमोर ताठ उभा राहतो तो म्हातारा? तो नट नव्हेच. पॅट्रिक लेही, अमेरिकेच्या सेनेटचा तेव्हाचा खराखुरा सदस्य. बॅटमनचा मोठा भक्त!"

मी ऐकत होतो, आणि खोटे कशाला सांगू, मला मजाही येत होती. मग मी एकच प्रश्न विचारला. "हा चित्रपट शेवटी दोघांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. एक हीथ लेजर. दुसरा कोण?" भाच्याचा हात ताटाकडे जाता जाता थांबला. "आणि बॅटमन कोणी निर्माण केला?" याचे उत्तर मात्र तोफेच्या गोळ्यासारखे आले : "बॉब केन!" मी म्हटले, "अर्धे बरोबर." त्यानंतर आमच्या घरात जो वाद झाला तो फराळ संपला तरी संपला नाही. तोच वाद आज या पानांवर मांडतो आहे.

प्रथमच सांगतो, माझे भांडण चित्रपटाशी नाही. अंगावर झूल घालून इमारतींवरून उड्या मारणाऱ्या माणसाची कथा म्हणून आपल्याकडच्या अनेक जाणत्या मंडळींनी ज्याच्याकडे पाठ फिरवली, तो 'द डार्क नाइट' हा खरे तर एक अस्सल गुन्हेगारीपट आहे. त्यात शहर आहे, टोळ्यांचा पैसा सांभाळणारा हिशेबनीस आहे, विकले गेलेले पोलीस आहेत आणि पुढे वाट चुकणारा एक सरळमार्गी सरकारी वकील आहे. माझे भांडण आहे ते या चित्रपटाभोवती वाढलेल्या माहितीच्या बांडगुळाशी. 'पडद्यामागच्या गमती', 'तुम्हाला ठाऊक नसलेल्या पन्नास गोष्टी', 'कॉमिकमधले छुपे संदर्भ' अशा नावांनी ही माहिती विकली जाते, चघळली जाते, पाठ केली जाते. तिचा दावा असा की, आम्ही तुम्हाला पडद्यामागे नेतो. माझा आरोप असा की, ती कोणालाही पडद्यामागे नेत नाही. ती आपल्याला फिरवून फिरवून पुन्हा पडद्यापुढच्याच त्या एका चेहऱ्यापाशी आणून सोडते.

आधी छुप्या संदर्भांचे घेऊ. या चित्रपटाने जुन्या कॉमिक पुस्तकांतून पुष्कळ उचलले आहे आणि ते उजळ माथ्याने उचलले आहे. जोकर प्रथम आला तो १९४० सालच्या 'बॅटमन'च्या पहिल्या अंकात. तिथे तो आपल्या खुनांची घोषणा आधी रेडिओवरून करतो आणि मग ठरल्या वेळी माणूस मारतो. चित्रपटात रेडिओच्या जागी दूरचित्रवाणी आली. ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या १९८८ च्या 'द किलिंग जोक'मधला जोकर आपल्या भूतकाळाबद्दल स्वतःच ठाम नसतो. चित्रपटातला जोकर आपल्या ओठांवरच्या व्रणांची कथा एकदा बापाच्या नावावर सांगतो, एकदा बायकोच्या. जेफ लोब आणि टिम सेल यांच्या १९९६-९७ मधल्या 'द लाँग हॅलोविन'मध्ये बॅटमन, गॉर्डन आणि हार्वी डेंट गच्चीवर भेटून एकत्र लढण्याचे ठरवतात. चित्रपटातली गच्चीवरची भेट तिथलीच.

ही यादी भाच्याला तोंडपाठ आहे. यादी चूकही नाही. पण यादी संपते तिथे खरे तर विचार सुरू व्हायला हवा. एकच उदाहरण देतो. 'द लाँग हॅलोविन'मध्ये टोळीच्या पैशाच्या राशी जाळल्या जातात, आणि त्या जाळतात कोण? बॅटमन आणि हार्वी डेंट, म्हणजे कायद्याच्या बाजूची माणसे. 'द डार्क नाइट'मध्येही नोटांचा डोंगर पेटतो, पण काडी लावतो जोकर. आग तीच, हात बदलला. कॉमिकमध्ये जी कृती सज्जनांची शेवटची युक्ती होती ती चित्रपटात दुर्जनाच्या हाती गेली, आणि 'मला पैसा नको आहे' असे म्हणणारा गुन्हेगार पैशासाठी गुन्हा करणाऱ्यापेक्षा किती भयंकर, हा चित्रपटाचा कणाच तिथे उभा राहिला. याला म्हणतात संदर्भ घेणे. यादीवाले काय म्हणतात? 'नोटा जाळण्याचा प्रसंग : द लाँग हॅलोविन.' पुढचा मुद्दा! देवळातल्या मूर्ती मोजून बाहेर पडणाऱ्या सहलीतल्या माणसासारखे हे झाले. आकडा बरोबर, दर्शन नाही.

पण हा दोष फार तर आळसाचा म्हणता येईल. याहून गंभीर दोष पुढे आहे.

या चित्रपटाची सर्वांत गाजलेली 'पडद्यामागची गोष्ट' कोणती असेल तर ती रुग्णालयाच्या स्फोटाची. परिचारिकेचा वेश घातलेला जोकर रुग्णालयातून बाहेर पडतो, मागे स्फोट होऊ लागतात, मध्येच थांबतात. जोकर वळून पाहतो, हातातले यंत्र खटखट दाबतो, आणि मग उरलेली इमारत कोसळते. सांगतात असे की, स्फोटके चुकून मध्येच अडली आणि हीथ लेजर याने प्रसंगावधान राखून तो अभिनय जागच्या जागी केला. मी स्वतः ही गोष्ट एका व्याख्यानात रंगवून सांगितली आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. गोष्ट खोटी आहे. ती विश्रांती आधीच ठरवलेली होती. शिकागोतला मिठाईचा एक जुना, बंद पडलेला कारखाना त्या प्रसंगासाठी खरोखर पाडला गेला. इमारत एकदाच पडते, दुसरी संधी नाही. समोर जिवंत नट चालतो आहे. अशा वेळी कोणता स्फोट कोणत्या क्षणी, मध्ये किती थांबायचे, नट त्या वेळी किती अंतरावर, याचा क्षणाक्षणाचा हिशेब कोणीतरी मांडला होता. तो ख्रिस कोरबोल्ड यांच्या विशेष दृश्यपरिणाम विभागाने आणि इमारत पाडणाऱ्या तज्ज्ञांनी मांडला होता. लेजरने त्या विश्रांतीत केलेला अभिनय उत्तम आहेच, पण दंतकथेने काय केले ते पाहा : कारागिरांच्या अचूकपणाला चूक ठरवले, आणि त्या चुकीवर नटाच्या प्रतिभेचा कळस चढवला.

म्हणजे काम करणाऱ्याचे श्रेय तर गेलेच, वर त्याच्या माथी अपयश मारले!

असेच रंगभूषेचे. जोकरचा तो विस्कटलेला, सुरकुतलेला पांढरा चेहरा लेजरने स्वतःच रंगवला असे मोठ्या खात्रीने सांगितले जाते. लेजरच्या कल्पना त्यात होत्याच, ते कोणी नाकारत नाही. पण पडद्यावर दिसतो तो चेहरा रंगभूषाकार जॉन कॅलिओनी यांच्या हातचा आहे. लेजर कपाळाला, गालांना आठ्या घालून बसे, आणि त्या आठ्यांवरून रंग फिरवला जाई, म्हणजे चेहरा सैल सोडला की रंगाला भेगा पडाव्यात. व्रणांचे काम कॉनर ओ'सलिवन यांचे. रंगभूषेच्या ऑस्करसाठी २००९ साली या दोघांना नामांकन होते. चित्रपटाला प्रत्यक्ष मिळाली ती दोन ऑस्कर. एक लेजरला, मरणोत्तर. दुसरे ध्वनिसंकलनासाठी रिचर्ड किंग यांना. पहिले नाव जगाला ठाऊक आहे. दुसरे नाव मला भाच्याच्या पन्नास गोष्टींत एकदाही भेटले नाही.

आणि तो उलटणारा ट्रक! शिकागोच्या लासाल रस्त्यावर अठरा चाकी अवजड ट्रक शेपटीकडून उचलला जाऊन तोंडावर उभा राहतो आणि पाठीवर पडतो. हे संगणकावर केलेले नाही, खरोखर घडवले आहे, ही माहिती सगळ्यांना असते. पण ट्रक उलटला तेव्हा आत कोणी माणूस बसला होता का, हा प्रश्न किती जणांना पडतो? बसला होता. जिम विल्की हे त्याचे नाव. ट्रक उलटल्याची माहिती आपण पाठ करतो आणि चालकाचे नाव विसरतो, यात आपल्याला काहीच खटकत नाही, हेच मला खटकते.

हीथ लेजरच्या मृत्यूबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. २२ जानेवारी २००८ रोजी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये गेला. तेव्हापासून आजपर्यंत 'जोकरच्या भूमिकेनेच त्याचा बळी घेतला' ही कथा चवीने सांगितली जाते. तिथल्या वैद्यकीय तपासनिसांचा निष्कर्ष वेगळा आहे : डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या अनेक औषधांच्या एकत्रित परिणामाने आलेला अपघाती मृत्यू. 'द डार्क नाइट'मधले त्याचे काम आदल्या वर्षीच संपले होते. मृत्यूच्या वेळी तो टेरी गिलियम यांच्या दुसऱ्याच चित्रपटात काम करीत होता. त्याच्या घरच्यांनीही ही भूमिकेची कथा २०१७ साली जाहीरपणे नाकारली. पण ऐकतो कोण? एका तरुण बापाचा मृत्यू हा चित्रपटाच्या जाहिरातीतला एक मसालेदार तपशील होऊन बसला. झपाटलेल्या वाड्याची गोष्ट सांगावी तशी आपण ती सांगतो. भुताची गोष्ट सांगताना निदान भूत कोणाचे नातेवाईक नसते.

आता बॉब केन. माझे उत्तर 'अर्धे बरोबर' का, ते सांगितले पाहिजे.

१९३९ साली बॉब केन या तरुण चित्रकाराने एका नव्या नायकाचे रेखाटन केले. लाल पोशाख, डोळ्यांवर छोटासा मुखवटा, पाठीला ताठ पंख. ते त्याने आपल्या एका ओळखीच्या लेखकाला दाखवले. हा लेखक पोटासाठी जोडे विकण्याचे काम करीत असे. त्याचे नाव बिल फिंगर. फिंगर यांनी सुचवले : पंख काढ, खांद्यावरून मागे लहरणारी झूल दे. छोटा मुखवटा काढ, डोके झाकणारे, कान असलेले शिरस्त्राण दे. हातात मोजे दे. लाल रंग नको, करडा आणि काळसर घे. डोळ्यांत बुबुळे दाखवू नको. हे झाले रूप. मग नावे. ब्रूस वेन हे नाव फिंगर यांचे. गॉथम हे शहराचे नावही त्यांनीच दिले. आणि मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकातली बॅटमनची पहिली कथा फिंगर यांनीच लिहिली. पोलीस कमिशनर गॉर्डन त्याच कथेत पहिल्यांदा येतो.

इथे आपल्या पिढीला एक गंमत सांगण्यासारखी आहे. फिंगर यांच्या या सूचनांवर ली फॉक यांच्या 'फँटम'चा प्रभाव होता, असे ते स्वतः सांगत. १९३६ साली जन्मलेला हा फँटम म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्या लहानपणी घरोघर आलेला आपला वेताळ! मुखवट्यामागे बुबुळे नसलेले ते पांढरे डोळे आठवा. उन्हाळ्याच्या सुटीत चार-चार आणे जमवून आपण जे वाचले त्याच्याशी बॅटमनचे असे दूरचे नाते आहे. ज्या छुप्या संदर्भांचा आज एवढा गवगवा आहे त्यांत हा सर्वांत जुना, आणि तो शोधायला फिंगर यांच्यापर्यंत जावे लागते. केन यांच्यापाशी थांबणाऱ्याला तो सापडत नाही.

'द डार्क नाइट'कडे आता पुन्हा पाहा. नायक बॅटमन : फिंगर यांचा हात. गॉर्डन : फिंगर यांची पहिली कथा. गॉथम : फिंगर यांनी दिलेले नाव. हार्वी डेंट हा दुभंगलेल्या चेहऱ्याचा वकील प्रथम आला १९४२ साली, फिंगर यांच्याच कथेत, आणि तेव्हा त्याचे आडनाव केंट होते. राहिला जोकर. त्याचे श्रेय केन, फिंगर आणि जेरी रॉबिन्सन या तिघांत वाटले जाते. पत्त्यांतला जोकर कोणी आणला यावर त्यांची मते अखेरपर्यंत जुळली नाहीत. पण 'द मॅन हू लाफ्स' या १९२८ च्या मूकपटातले, व्हिक्टर ह्यूगो यांच्या कादंबरीतून आलेले ते कायमचे हसणारे तोंड, नट कॉनराड फाइट यांचे छायाचित्र, ते फिंगर यांनी पुढे केले. म्हणजे चित्रपटाचे पाचही खांब या माणसाच्या खांद्यावर. आणि २००८ च्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बॅटमनचा निर्माता म्हणून नाव एकच : बॉब केन.

असे कसे झाले? कराराने झाले. केन यांनी प्रकाशकांशी जो करार केला त्यात निर्माता म्हणून फक्त त्यांचे नाव होते. फिंगर यांना पानामागे पैसे मिळत, नाव मिळत नसे. पुढे तर चित्रेही दुसऱ्यांची आणि सही केन यांची, असा कारभार वर्षानुवर्षे चालला. १९६५ साली जेरी बेल्स नावाच्या एका रसिकाने फिंगर यांचा वाटा लिहून उघड केला, तेव्हा केन यांनी खुले पत्र लिहून तो नाकारला. १९६६ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेतली एक दोन भागांची कथा फिंगर यांनी एका सहलेखकाबरोबर लिहिली. बॅटमनच्या संदर्भात पडद्यावर त्यांचे नाव हयातीत दिसले ते तेवढेच. जानेवारी १९७४ मध्ये, साठी गाठण्याआधी, ते गेले. केन यांनी १९८९ च्या आत्मचरित्रात उशिरा हळहळ व्यक्त केली. १९९८ मध्ये तेही गेले, आणि त्यांच्या थडग्यावर लिहिले आहे की, बॅटमन ही ईश्वरी हाताची निर्मिती होय. फिंगर यांना थडगे नाही. त्यांच्या मुलाने ओरेगॉनच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत वटवाघळाचा आकार करून त्यात बापाची रक्षा पसरली. भरती आली आणि ती घेऊन गेली.

फिंगर यांच्यात दोष नव्हते असे नाही. काम वेळेवर देत नसत, संपादक वैतागत. पण उशिरा आलेल्या लेखाचा लेखक दुसरा कोणी होत नाही. हा न्याय दिवाळी अंकाच्या संपादकांइतका दुसरे कोण जाणणार!

यावर तीन आक्षेप येतील, ते मी भाच्याच्याच तोंडून ऐकले आहेत.

पहिला : "मामा, ही करमणूक आहे. गंमत म्हणून माहिती गोळा केली तर बिघडतं कुठे?" काही बिघडत नाही, जोपर्यंत ती खरी आहे. स्फोटाची कथा आणि मृत्यूची कथा खोट्या आहेत आणि दोन्हींत कोणाचे तरी नुकसान आहे. गंमत दुसऱ्याच्या खिशातून करू नये.

दुसरा : "नावं तर शेवटी सगळ्यांची येतातच की पडद्यावर." येतात. पण तेव्हा आपण चपला शोधत असतो. शिवाय फिंगर यांचे तेही आले नव्हते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मी मान्य करून पुढे जाणार आहे. "असल्या बारीकसारीक तपशिलांचं वेड असलेल्या माणसांमुळेच फिंगर यांना न्याय मिळाला ना?" अगदी खरे. मार्क टायलर नोबलमन हे बालसाहित्याचे लेखक. त्यांना बॅटमनच्या फुटकळ माहितीचे भाच्याइतकेच वेड. पण त्यांनी यादी केली नाही, ते माणसाच्या मागे लागले. फिंगर यांना वारस उरला नाही असा समज होता. नोबलमन यांनी फिंगर यांची नात शोधून काढली. २०१२ साली त्यांचे फिंगर यांच्यावरचे पुस्तक आले. नात अथीना फिंगर कंपनीशी भिडली. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने फिंगर यांचे श्रेय जाहीर केले, आणि २०१६ च्या 'बॅटमन व्हर्सेस सुपरमॅन'पासून चित्रपटांत ते नाव येऊ लागले. जोकरवरचा २०१९ चा चित्रपट घ्या किंवा २०२२ चा 'द बॅटमन' घ्या, तिथे ते दिसेल. अर्थात इंग्रजी शब्दरचनेत केन 'आणि' फिंगर असे नाही, फिंगर यांच्या 'साहाय्याने' म्हणावे असा शब्द आहे. शहात्तर वर्षांनंतर मिळालेल्या न्यायातही शब्द काटकसरीने वापरला आहे! तरी नाव आले.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. माहितीचा धागा धरून गेल्यावर शेवटी माणूस भेटतो की आपलीच हुशारी भेटते? माणूस भेटला तर ते वेड चालू दे, वाढू दे. आपलीच हुशारी भेटली तर तो आरशासमोरचा खेळ आहे.

आता भाच्याला न आलेले उत्तर. 'द डार्क नाइट' ज्या दुसऱ्या माणसाच्या स्मृतीला अर्पण केला आहे त्याचे नाव कॉन्वे विकलिफ. विशेष दृश्यपरिणाम विभागातला तंत्रज्ञ, वय एक्केचाळीस. २४ सप्टेंबर २००७ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात मोटारींच्या एका प्रसंगाची पूर्वतयारी चालू होती. पळणाऱ्या मोटारीचे चित्रण करण्यासाठी विकलिफ बाजूने धावणाऱ्या गाडीत कॅमेरा घेऊन होता. गाडी झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. चित्रपट अजून पुरा व्हायचा होता, लेजर तेव्हा जिवंत होता. त्याच्याही आधी या चित्रपटाने एक माणूस गमावला होता. एकाच पाटीवर, शेजारी शेजारी, दोन नावे आहेत. सतरा वेळा पाहणाऱ्या डोळ्यांनी त्यांतले एक वाचले आणि दुसरे ओलांडले. दोष डोळ्यांचा नाही, डोळ्यांना लावलेल्या वळणाचा आहे.

आणि हे वळण अमेरिकेतूनच येते असे समजून आपण हात झटकू नयेत. तीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या हौशी नाट्यसंस्थेच्या जाहिरातपत्रकाचा मजकूर मी लिहीत असे. नाटककार, दिग्दर्शक, नायक, नायिका, देणगीदार, इतकेच काय, ध्वनिक्षेपक फुकट देणारे दुकानदार, सगळ्यांची नावे मी ठळक टाइपात घातली. नेपथ्य करणारा सुतार मात्र नेहमी 'आणि इतर सहकारी' या तीन शब्दांत गेला. एका प्रयोगाच्या आदल्या रात्री पडदा ओढण्याची दोरी तुटली तेव्हा तो माळ्यावर चढून पहाटेपर्यंत ती बसवत होता. पत्रक छापून आले तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिले, घडी घालून खिशात ठेवले आणि कामाला लागला. काही बोलला नाही. मला वाटले, त्याला काही वाटले नसेल. आज तो नाही. ती पत्रके माझ्या ट्रंकेत आहेत. मी ती चार वेळा चाळली, आणि त्याचे नाव कुठेही सापडले नाही, कारण ते मीच लिहिले नव्हते. बॉब केन यांच्यावर दगड उचलताना माझा हात या पत्रकांमुळे थोडा जड होतो. पण म्हणून दगड खाली ठेवणार नाही.

भाचा जाताना जरा घुश्शातच गेला. माझ्यामुळे त्याच्या आवडत्या चित्रपटाची मजा गेली म्हणाला. पंधरा दिवसांनी रात्री उशिरा त्याचा फोन आला. "मामा, अठराव्यांदा बघितला. शेवटपर्यंत."

"मग?"

"नावं किती येतात हो! वाचून होत नाहीत एका दमात. थांबवून थांबवून वाचली."

मी विचारले, "सगळी?"

"सगळी नव्हे. झोप आली. उरलेली उद्या वाचतो."

वाचकहो, या दिवाळीत घरातली मुले असला एखादा चित्रपट लावून बसतील. त्यांना रागावू नका, शेजारी बसा. फक्त शेवटी दिवा लावायची घाई करू नका.